आधी पान उलटून पाहावे, मग फवारणीचा विचार करावा

परसबाग आणि गच्चीवरील बाग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी होऊन गेल्या की या सदराकडे येणारी पत्रे वाढतात, आणि त्यांतील बहुतेक पत्रांचा शेवट "कोणते औषध फवारावे?" या एकाच प्रश्नाने होतो. पानाच्या खालच्या बाजूला काय दिसले, कीड चालत होती की एका जागी चिकटून बसली होती, आधी कोवळी पाने बिघडली की जुनी, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. या माहितीशिवाय दिलेला सल्ला हा अंदाजच असतो. म्हणून ज्या वाचकांनी झाड नीट पाहून लिहिले आहे, त्यांची पत्रे या वेळी आधी घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या अंगणात सहा वर्षांचे जास्वंदाचे झाड आहे. देवपूजेला रोज आठ-दहा फुले मिळत असत. चैत्रापासून शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले आणि कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. साबणाचे पाणी तीन वेळा फवारले, परंतु आठ दिवसांत सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. खोडावर काळ्या मुंग्यांची रांग सतत असते. शेजारच्या काकू म्हणतात की झाड मुळासकट काढून टाका, नाहीतर कीड सगळ्या अंगणात पसरेल. ताई, काय करावे?
— एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : झाड मुळीच काढू नये. सहा वर्षांच्या जास्वंदाची मुळे चांगली रुजलेली असतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर कडक छाटणी केली तरी ते पुन्हा भरून येते. आपण वर्णन केलेली कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. तो शेंड्यांतील आणि कळ्यांच्या देठांतील रस शोषतो, आणि त्याच्या अंगावर मेणचट भुकटीचा थर असल्यामुळे वरून मारलेले पाणी घरंगळून जाते. आपली फवारणी निष्फळ ठरण्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण, माझ्या अंदाजाने, आपल्या बोअरच्या पाण्यात असावे. आपल्या भागात बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, आणि जड पाण्यात साबण घातला की फेस होण्याऐवजी दह्यासारखा साका धरतो, कारण पाण्यातील क्षार साबणाला बांधून टाकतात. फेस न धरणारे पाणी त्या मेणचट थरात शिरत नाही. एका बाटलीत पाणी घेऊन त्यात थोडा साबण टाकावा आणि जोराने हलवून पाहावे. फेस लगेच बसला आणि पाणी गढूळ झाले, तर ते पाणी फवारणीच्या उपयोगाचे नाही असे समजावे. सध्या पावसाचे दिवस आहेत. पन्हळीखाली बादली ठेवून धरलेले पाणी या कामाला सर्वांत चांगले.

आता कामाचा क्रम सांगते. ज्या शेंड्यांवर पुंजके दाट आहेत ते प्रथम कात्रीने कापून थेट पिशवीत टाकावेत आणि पिशवीचे तोंड घट्ट बांधावे. कापलेल्या फांद्या अंगणातून ओढत नेल्या तर पिल्ले वाटेत गळून पडतात आणि पुन्हा झाडावर चढतात. उरलेल्या फांद्यांवर नळीने जोराचे पाणी मारावे, आणि तेही पानांच्या बेचक्यांत, खालच्या बाजूने. हे नुसते पाणी निम्मे काम करते. त्यानंतर एक लिटर पावसाच्या पाण्यात चहाचा एक चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, किसलेला साधा साबण विरघळवून संध्याकाळी फवारावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने कोवळी पाने करपतात. साबणाचे पाणी ओले असेपर्यंतच कीड मारते, वाळल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. त्यामुळे ते किडीच्या अंगावर प्रत्यक्ष पडले पाहिजे आणि पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा मारले पाहिजे, म्हणजे मधल्या काळात अंड्यांतून बाहेर आलेली पिल्लेही सापडतात.

मुंग्यांविषयी आपण लिहिले हे फार चांगले केले, कारण खरी गोम तिथेच आहे. पिठ्या ढेकूण रस शोषताना गोड, चिकट स्राव सोडतो, आणि त्या गोडाच्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात. त्याची पिल्ले एका फांदीवरून दुसरीकडे नेतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. खोडाभोवती चार बोटे रुंदीचा जाड कागद गुंडाळून सुतळीने बांधावा आणि त्या कागदावर ग्रीस लावावे. सालीवर ग्रीस थेट लावू नये. झाडाची एखादी फांदी भिंतीला किंवा वाळत घालायच्या दोरीला टेकलेली असेल तर तीही छाटावी, नाहीतर मुंग्या त्या वाटेने येतात. कुंपणालगत गाजरगवत असल्यास ते फुलण्याआधी उपटून टाकावे, कारण पिठ्या ढेकूण त्यावरही वाढतो.

एक गोष्ट मात्र अगदी जवळून पाहावी लागेल. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या परसातील सीताफळावर असाच पिठ्या ढेकूण आला होता. मी आणि माझ्या सासूबाईंनी सकाळभर बसून पांढरे दिसेल ते सगळे ब्रशने पुसून बादलीत टाकले. त्यांत काही पांढरे जीव इतरांपेक्षा मोठे होते, त्यांच्या अंगावर मेणाचे लांब, झिपऱ्यांसारखे धागे होते आणि ते भराभर चालत होते. ढेकणांचे म्होरके असतील असे समजून मी तेच आधी वेचले. काही दिवसांनी भिंग हाती आले तेव्हा कळले की त्या क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या आणि पिठ्या ढेकूण हेच त्यांचे अन्न होते. हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. प्रौढ किडा जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, अंगाने काळपट आणि डोक्याकडे नारिंगी. त्या वर्षी सीताफळावरची कीड आटोक्यात यायला दिवाळी उजाडली, आणि त्याला मीच कारणीभूत होते असे मला आजही वाटते. म्हणून पांढरा जीव दिसला की आधी काडीने हलकेच स्पर्श करून पाहावा. जागचा हलत नाही किंवा अगदी सावकाश सरकतो तो ढेकूण, आणि झिपऱ्या सांभाळत पळतो तो आपला मित्र. त्याचप्रमाणे पानावर तपकिरी, टणक, फुगीर दाण्यासारखे ढेकूण चिकटलेले दिसले, आणि त्यांतल्या काहींच्या अंगाला गोल भोक असले, तर तेही पुसू नयेत. त्यांच्या पोटात एका बारीक गांधीलमाशीची पिढी वाढत असते आणि ती बाहेर आल्यावर उरलेल्या ढेकणांचा समाचार घेते. असे दाणे पुष्कळ दिसू लागले की साबणाची फवारणी थांबवावी.

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर कडुनिंबाची पाच मोठी झाडे आहेत, तरी मी बाजारातून कडुनिंबाचे तेल आणले आणि परसातील वांग्यांवर फवारले. तेल पाण्यावर तरंगत राहिले, काही पाने करपली, आणि तीन दिवसांनंतरही शेंडे माना टाकतच आहेत. कडुनिंबाचा खरोखर उपयोग होतो का?
— एक शेतकरी वाचक, कळंब, जि. धाराशिव

उत्तर : उपयोग होतो, परंतु तो कशासाठी आणि कसा होतो हे लक्षात घेतले पाहिजे. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य कीड जागच्या जागी मारत नाही. फवारलेले पान किडीला नकोसे होते, तिचे खाणे मंदावते, आणि अळीला वेळेवर कात टाकता येत नाही. हा परिणाम दिसायला चार-सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून निराश होऊ नये. हे द्रव्य उन्हात लवकर निकामी होते, त्यामुळे सकाळी आठला केलेली फवारणी आपल्याकडच्या उन्हात जवळजवळ वाया जाते. ऊन उतरल्यावरच फवारावे.

तेल तरंगले याचा अर्थ ते पाण्यात मिसळलेच नव्हते. पंपातून आधी नुसते पाणी गेले आणि शेवटी शेवटी निव्वळ तेल पानांवर पडले, त्यामुळे पाने करपली. एक लिटर पाण्याला ५ मिलिलिटर तेल पुरते. ते थेट पाण्यात ओतू नये. एका वाटीत थोडे कोमट पाणी घेऊन त्यात साबण विरघळवावा, त्यात तेल घालून दुधासारखे पांढरे होईपर्यंत घुसळावे, मगच उरलेले पाणी मिसळावे. फवारताना पंप मधूनमधून हलवत राहावे. झाडाला पाण्याचा ताण असताना किंवा कडक उन्हाच्या दिवसांत तेल मारू नये.

तथापि ज्यांच्या बांधावर पाच कडुनिंब आहेत त्यांनी तेल विकत आणावे असे मला वाटत नाही. या दिवसांत झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पिकलेल्या, पण सडलेल्या नाहीत अशा निंबोळ्या रोज सकाळी वेचाव्यात, चोळून गर काढावा, बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि गोणपाटाच्या किंवा कापडी पिशवीत टांगून ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी येते, आणि बुरशी आलेली बी कामाची नाही. तीन महिन्यांनंतर आणि आठ-दहा महिन्यांच्या आत या बिया वापरणे सर्वांत चांगले. म्हणजे आज वेचलेली निंबोळी आपल्याला रब्बीच्या भाज्यांसाठी अगदी वेळेवर तयार मिळते. अर्क करताना ५० ग्रॅम बिया जाडसर कुटून फडक्यात बांधाव्यात आणि एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळत राहावी. पाणी दुधाळ होते आणि पिळताना येणारा उग्र, कडवट वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो. मग ते दुहेरी फडक्यातून गाळावे, चिमूटभर साबण मिसळावा आणि त्याच संध्याकाळी संपवावे. उरवून ठेवलेला अर्क दोन दिवसांनी वापरू नये. हाच तो ५ टक्क्यांचा निंबोळी अर्क, जो शेतात ५ किलो बियांना १०० लिटर पाणी या प्रमाणात वापरला जातो.

आता आपल्या वांग्यांविषयी. शेंडे माना टाकत आहेत याचा अर्थ शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आत शिरली आहे. आत गेलेल्या अळीपर्यंत कडुनिंबच काय, कोणतीही वरवरची फवारणी सहसा पोहोचत नाही. वाळलेला शेंडा जिथे मऊ पडला आहे त्याच्या बोटभर खालून कापावा. चिरून पाहिल्यास आत फिक्कट गुलाबी अळी दिसेल. तो शेंडा जाळावा किंवा पायाखाली चिरडावा, उकिरड्यावर टाकू नये. घरची दहा-बारा झाडे असतील तर दर तीन दिवसांनी हे काम पाच मिनिटांत होते. जोडीला वांग्याच्या अळीसाठीचा एक कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा) लावावा, आणि निंबोळी अर्क दर आठ-दहा दिवसांनी मारावा, म्हणजे नव्याने निघालेल्या अळ्या आत शिरण्यापूर्वीच अडतील. भोके पडलेली वांगी झाडावर ठेवू नयेत.

प्रश्न : आमच्या तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईची मिरचीची मोठी बाजारपेठ असूनही माझ्या घरच्या दहा कुंड्यांतील मिरचीवर दरवर्षी बोकड्या पडतो. पाने आकसतात आणि झाड वाढत नाही. ताक, राख, हिंग असे सर्व करून झाले.
— एक वाचक, भोकरदन, जि. जालना

उत्तर : आपण "पाने आकसतात" एवढेच लिहिले आहे, पण ती कोणत्या बाजूला वळतात यावर सर्व काही अवलंबून आहे. बोकड्या किंवा चुरडामुरडा हे एकाच रोगाचे नाव नाही. पानांच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर ते फुलकिड्यांचे काम असते. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकावा. पिवळसर, सुईच्या टोकाएवढे बारीक किडे कागदावर चालताना दिसले की खात्री झाली. पाने खालच्या बाजूला वळली असतील आणि देठ लांबून उंदराच्या शेपटीसारखा दिसत असेल तर तो कोळी (माइट) नावाची रस शोषणारी कीड आहे, आणि हा कोळी भिंगाशिवाय दिसत नाही. पाने बारीक होऊन शेंड्याजवळ गुच्छ झाला असेल, झाड खुजे राहिले असेल आणि हात लावताच पांढऱ्या माश्या उडत असतील, तर तो विषाणू आहे, जो पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते.

फुलकिड्यांसाठी कुंड्यांजवळ निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला टांगावेत आणि निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने मारावा. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारावे. मात्र तापमान ३२-३५ अंशांच्या वर असताना, किंवा तेलाची फवारणी होऊन पंधरा दिवस झाले नसतील तर गंधक वापरू नये, झाड भाजते. विषाणूला औषध नाही. ते झाड त्याच दिवशी उपटून पिशवीत बंद करावे, आणि उरलेल्यांसाठी पिवळे सापळे लावावेत. दहांतली दोन झाडे उपटायला मन धजत नाही हे मला माहीत आहे, परंतु ती ठेवली तर आठही जातात. पुढील वर्षी रोपे स्वतः तयार करावीत आणि लावणीपर्यंत ती बारीक जाळीच्या किंवा जुन्या मच्छरदाणीच्या आत वाढवावीत. बोकड्या पुष्कळदा विकत आणलेल्या रोपांबरोबरच घरात येतो. राखेविषयी एक सूचना द्यावीशी वाटते. आपल्याकडील माती आधीच चुनखडीची आहे, तिच्यात वारंवार राख टाकल्याने ती आणखी विम्लधर्मी (अल्कधर्मी) होते आणि झाडाला लोह मिळेनासे होते.

प्रश्न : लातूरकरांनी २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेले आहे. तेव्हापासून आमच्या घरात पाण्याचा थेंबही वाया जात नाही. आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी आम्ही गच्चीवरील कुंड्यांना घालतो. आता लिंबाची आणि कढीपत्त्याची नवी पाने पिवळी पडू लागली आहेत. कीड कुठेही दिसत नाही. कोणती फवारणी करावी?
— एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : सर, आपण कीड नाही असे स्पष्ट लिहिले म्हणून उत्तर देणे सोपे झाले. नवी पाने पिवळी आणि त्यांतल्या शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. जुनी पाने आधी पिवळी पडली असती तर नत्र कमी आहे असे म्हटले असते. आर.ओ. यंत्र पाण्यातील क्षार गाळून बाजूला काढते आणि ते सगळे क्षार या बाहेर पडणाऱ्या पाण्यात साठतात. वर्षभर तेच पाणी मिळालेल्या कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो. त्या क्षारांमुळे मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. हे पाणी फरशी पुसण्यासाठी किंवा शौचालयात वापरावे. कुंड्यांना वापरायचेच असेल तर निम्मे गोडे पाणी मिसळून, आणि तेही आठवड्यातून एखाद्या वेळी. पाऊस लागला की कुंड्या उघड्यावर ठेवाव्यात आणि खालच्या छिद्रांतून पाणी मोकळे वाहू द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील. तातडीचा उपाय म्हणून एक लिटर पावसाच्या पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि दहा दिवसांनी पुन्हा मारावे. फवारणीपूर्वी गच्चीवर जुने पोते अंथरावे, कारण हिराकसाचे तांबडे डाग फरशीवरून निघत नाहीत.

प्रश्न : दुधी भोपळ्याच्या वेलाला पन्नासेक फुले आली, पण करंगळीएवढी फळे पिवळी पडून गळतात. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते माशी लागली.
— एक गृहिणी, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : गळालेले फळ चाकूने उभे चिरून पाहावे. आत पांढऱ्या अळ्या असतील आणि ताटलीत टाकल्यावर त्या टुणकन उड्या मारत असतील, किंवा फळावर टोचल्याची खूण आणि तिथे डिंकाचा थेंब दिसत असेल, तर ती फळमाशी आहे. आत काहीच नसेल तर फलधारणाच झालेली नाही. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्या वेळी मधमाश्या परतलेल्या असतात, आणि गच्चीवर किंवा वस्तीत रात्रीचे पतंगही कमी येतात. ज्या फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो ते मादी फूल. दिवेलागणीच्या वेळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि त्याचे परागकण मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. दोडक्यालाही संध्याकाळीच हे करावे लागते. कारले आणि काकडी यांना मात्र सकाळी. फळमाशी निघाल्यास वेलवर्गीय भाज्यांसाठीचा क्यू ल्युअरचा सापळा आणावा. आंब्या-पेरूचा मिथाइल युजेनॉलचा सापळा येथे चालत नाही, आणि दुकानात बरेचदा तोच हातात दिला जातो. टिकलेल्या फळांना कागदी पिशवी घालावी. किडकी फळे खतखड्ड्यात टाकू नयेत, अळी मातीत जाऊन कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते. ती पिशवीत बांधून चार-पाच दिवस उन्हात ठेवावीत.

प्रश्न : आमच्याकडे कापसासाठी आणलेल्या औषधाची अर्धी बाटली शिल्लक आहे. तिचे अगदी थोडे प्रमाण घरच्या भेंडीवर मारले तर चालेल का? नाहीतर तंबाखूचा काढा करावा म्हणतो, तो तर नैसर्गिकच आहे.
— एक वाचक, माजलगाव, जि. बीड

उत्तर : दोन्ही करू नये, आणि हे मी आग्रहाने सांगते. कापसाचे औषध हे न खाल्ल्या जाणाऱ्या पिकासाठी असते. भेंडी तर आपण एक दिवसाआड तोडून मुलांच्या ताटात वाढतो. थोडे प्रमाण म्हणजे नेमके किती, हे घरात मोजता येत नाही. मोनोक्रोटोफॉससारखे औषध भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालापासून बंदी आहे. शिवाय ज्या पंपातून तणनाशक मारले असेल तो पंप धुऊनही घरच्या भाजीसाठी वापरू नये, तणनाशकाच्या अंशानेही भेंडीची आणि टोमॅटोची पाने वेडीवाकडी होतात. घरच्या बागेसाठी दीड-दोनशे रुपयांचा वेगळा हातपंप ठेवावा.

तंबाखूतील निकोटीन हे नैसर्गिक असले तरी जहाल विष आहे, ते कातडीतून शरीरात शिरते, आणि ते मित्रकिड्यांना सोडत नाही. मिरची, टोमॅटो आणि वांगी ही तंबाखूच्याच कुळातील झाडे असल्याने तंबाखूतील विषाणू त्यांना लागण्याची भीतीही असते. तंबाखू मळणाऱ्यांनी हात साबणाने धुतल्याशिवाय टोमॅटोच्या रोपांना हात लावू नये. सीताफळाच्या बियांची पूड, धोतरा आणि कण्हेर हेही नैसर्गिक असले तरी विषारीच आहेत. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. दशपर्णी अर्क (दहा प्रकारच्या झाडपाल्याचा अर्क) शेतात उपयोगी आहे, पण आठवडाभरात खुडायच्या मेथी-पालकावर तो मारू नये. आपल्या भेंडीवर मावा किंवा तुडतुडे असतील तर पाण्याचा जोर आणि निंबोळी अर्क पुरेसा आहे. पानांच्या शिरा पिवळ्या जाळीसारख्या झाल्या असतील तर तो केवडा रोग आहे, ती झाडे उपटावीत.

प्रश्न : २०२२ च्या खरिपात आमच्याकडे गोगलगायींनी सोयाबीन फस्त केले होते. आता त्या परसात दिसू लागल्या आहेत.
— एक वाचक भगिनी, केज, जि. बीड

उत्तर : पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस यासाठी सर्वांत महत्त्वाचे असतात, कारण त्या अजून अंडी घालायच्या असतात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला अंथरावे. पहाटे त्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या सापडतात. हातमोजे घालूनच त्या वेचाव्यात आणि साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवाव्यात. मीठ वाफ्यात टाकू नये. माती उकरताना साबुदाण्यासारखी पांढरी अंडी पुंजक्याने दिसली तर तीही नष्ट करावीत. चुन्याचा पट्टा कोरडा असेपर्यंतच उपयोगी पडतो, पाऊस झाला की पुन्हा ओढावा. बाजारातील विषारी गोळ्या दारात कुत्रे, मांजर किंवा वासरू असेल तर वापरू नयेत.

प्रश्न : आमच्या घरी कढीपत्त्याच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा डाग होता. मी काडी लावली तर तो हलला. दुसऱ्या दिवशी आईने औषध मारायला सांगितले. मारू का?
— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : तू काडी लावून पाहिलेस, याचा मला फार आनंद झाला. तो लिंबाच्या फुलपाखराचा सुरवंट आहे. लहानपणी तो मुद्दाम विष्ठेसारखा दिसतो, म्हणजे पक्षी त्याला खात नाहीत. काही दिवसांनी कात टाकून तो पानासारखा हिरवागार होतो. तेव्हा त्याला हलकेच छेडलेस तर डोक्यामागून नारिंगी-तांबडे, दोन फाट्यांचे शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. तो चावत नाही. झाड छातीएवढे असेल आणि सुरवंट तीन-चारच असतील तर औषधाची काही गरज नाही, पावसाळ्यात कढीपत्ता पुन्हा फुटतो. आईला असे सांग की रोप लहान असेल तरच सुरवंट हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडायचे. तुला पाहायचे असल्यास एक सुरवंट मोठ्या बरणीत ठेव, तोंडाला जाळीचे कापड बांध, रोज कढीपत्त्याची ताजी पाने घाल आणि आत एक उभी काडी ठेव. तो त्या काडीला स्वतःला धाग्याने बांधून घेईल आणि कोष करील. त्यानंतर साधारण आठ-दहा दिवस बरणी हलवू नकोस. फुलपाखरू बहुधा सकाळीच बाहेर येते, तेव्हा त्याचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते वाळून ताठ होईपर्यंत त्याला हात न लावता कापड सोडून ठेव.